सोमवारचा रविवार

“ओ फादर! दार उघडताय का बिजागरीसकट काढून घेऊ?”

मी अर्ध्या दाढीत होतो. एक गाल स्वच्छ, दुसऱ्यावर साबणाचा फेस, अंगात बनियन, कमरेला लुंगी. बाहेरून दारावर अशा थापा पडत होत्या की भिंतीवरचा क्रूस घड्याळाच्या लंबकासारखा झोके घेत होता.

“मिस्सा करायची हाय का न्हाय आज? माणसं खोळंबल्यात हितं! पोरांच्या शाळा हायत! थोरलं फादर असतं तर आत्तापतूर प्रवचन संपून माणसं घराकडं गेली असती!”

मी दार उघडलं आणि माझा उरलेला फेस आपोआप वाळला. आदल्या दिवशी, रविवारी, मिस्सेच्या उपासनेला ज्या अंगणात एक कुत्रं आणि दोन कोंबड्या होत्या, तिथं आज पंचगंगेला पूर यावा तशी माणसं लोटली होती. पुरुष इस्त्रीच्या शर्टात, केसांना तेल चोपडलेले. बायका काठापदराच्या साड्यांत, डोक्यात अबोलीचे गजरे. पोरं शाळेच्या गणवेशात, पाठीवर दप्तरं. सायकली, लुना, एम-ऐंशी, एक वडापची, म्हणजे शिटा भरून सोडायची, जीप आणि तिच्या टपावरसुद्धा चार जण. आणि सगळ्यांच्या पुढं कमरेवर हात ठेवून उभी असलेली, दार बिजागरीसकट काढायला निघालेली बाई. तिला सगळे मावशी म्हणत. शिरोलीच्या एका फाउंड्रीत, ओतकामाच्या साच्यात बसवायचे वाळूचे गाभे जिथं करतात त्या कोअर शॉपमध्ये, ती बायकांची मुकादम होती. तिथल्या भट्ट्यांच्या घरघरीवर मात करून बोलायची सवय असल्यामुळं ती ‘या, बसा’ म्हणाली तरी समोरचा उठून उभा राहायचा.

“मावशी,” मी म्हणालो, “आज सोमवार आहे.”

“व्हय. मग? म्हणूनच आलोय की.”

“रविवारची मिस्सा काल झाली.”

“कुणाची झाली? आमची न्हाय झाली!” मागं वळून तिनं सगळ्या अंगणाला विचारलं, “काय रं, तुमची कुणाची झाली काय?”

“न्हाय!” अंगण गरजलं.

आता मी मुळात या अंगणात कसा आलो ते सांगतो, म्हणजे माझा संताप किती रास्त होता ते कळेल.

मी नगर जिल्ह्यातला. आमचं घराणं तीन पिढ्यांचं कॅथलिक, आणि तिन्ही पिढ्या मोठ्यानं बोलणाऱ्या. त्यातही मी जन्मलो तेव्हा असा रडलो म्हणतात की शेजारच्या वाडीतली माणसं बैल सुटला समजून काठ्या घेऊन धावत आली. आमच्या गावच्या फादरांकडं लाऊडस्पीकर नव्हता. त्यांनी मला आठव्या वर्षी वेदीशेजारी उभं केलं आणि वाचन करायला लावलं. त्या दिवशी बायबलमधला उतारा तीन गावांनी घरबसल्या ऐकला. फादर माझ्या वडिलांना म्हणाले, “हा आवाज देवाचा आहे.” वडील म्हणाले, “मग देवानं घेऊन जावा. घरात राहू नये.” माझं पाचारण हे असं झालं. इतर धर्मगुरूंना रात्री स्वप्नं पडतात, प्रकाश दिसतो. मला घरातून काढून दिलं. पण मी सांगतो, सेमिनरीत, धर्मगुरू घडवायच्या शाळेत, गेल्यावर पहिल्या प्रवचनालाच मला कळून चुकलं की माणसांनी भरलेलं देऊळ आणि त्यांच्यासमोर उभा मी, यापरतं मला पृथ्वीवर काही नको. बायको नको, पैसा नको. भरलेली बाकं द्या.

तर असा मी, दीक्षा होऊन दोन-चार वर्षं इकडंतिकडं सहायक म्हणून काढल्यावर, नव्वदीच्या अखेरीला पहिल्यांदा स्वतःच्या धर्मग्रामाचा, म्हणजे पॅरिशचा, मुख्य म्हणून शिरोलीला आलो. एमआयडीसीच्या मागं, उसाच्या कडेला, पत्र्याच्या छपराचं देऊळ. फाउंड्रीतल्या माणसांनी स्वतःच्या हातांनी बांधलेलं. खिडक्यांचे गज, दाराच्या कड्या, वेदीवरचा क्रूस, सगळं बिडाचं, ओतीव. दार इतकं जड की उघडलं की दिवसभराचा व्यायाम होई. शनिवारी संध्याकाळी ट्रंक घेऊन वडापमधून उतरलो. स्वागताला कुणी नाही. चहाच्या टपरीवाल्यानं विचारलं, “पावणं, कुणीकडं?” सांगितल्यावर त्यानं बरणीमागून किल्ली काढून दिली आणि म्हणाला, “थोरलं फादर सामान घिऊन गेलं सकाळी. तुमास्नी निरोप दिलाय, सोमवारी लवकर उठा म्हणून.” मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, आरोग्याचा सल्ला देतोय.

रविवारी मी घंटा बडवली. हिरवा झगा चढवला. ‘उत्तम मेंढपाळ’ या विषयावर असं प्रवचन तयार केलं होतं की दगडाला पाझर फुटावा. आणि बाकांवर? चार म्हाताऱ्या. त्यांतली एक बहिरी, एक झोपलेली, आणि उरलेल्या दोघी तिसरीच्या सुनेबद्दल बोलत होत्या. मी तरीही बोललो. तासभर बोललो. पत्रे थरथरले. मेंढपाळ होता, मेंढरं नव्हती. रात्री मला झोप आली नाही. वाटलं, ही माणसं देवाला विसरली. ही भौतिकवादानं खाल्लेली औद्योगिक पिढी. बरंच काही वाटलं.

आणि सोमवारी हा पूर.

मावशीनं मला जे समजावलं ते असं. वीज सगळ्यांना एकदम पुरत नाही. म्हणून वीज कचेरीनं प्रत्येक औद्योगिक वसाहतीला आठवड्यातला एकेक वार वाटून दिलेला. त्या वारी तिथली मोठी लाईन बंद, भट्ट्या बंद, सुट्टी. शिरोलीच्या वाट्याला आलाय सोमवार. रविवारी तीन पाळ्या धडाधड चालतात.

“म्हंजे बगा फादर,” मावशी मला मंदबुद्धी समजून हळू बोलू लागली, म्हणजे फक्त अर्ध्या एमआयडीसीला ऐकू जाईल इतकं. “आमचा रविवार सोमवारी असतोय.”

“अहो, पण पोरं? म्हातारीकोतारी? ती तर रविवारी येऊ शकतात!”

“एकट्या पोरांनी यिऊन काय करायचं? घरची सगळी मिळून यायचं असतंय. आन एकदा सोमवारी आलं की झालं की. आठवड्यातनं दोनदा कुठं बोलावलंय देवानं?”

मी संतापलो. देवानं सहा दिवसांत विश्व निर्माण केलं आणि सातव्या दिवशी विश्रांती घेतली, हे मी पहिलीत शिकलो. ख्रिस्त रविवारी पुनरुत्थित झाला, म्हणून रविवार प्रभूचा दिवस, हे सेमिनरीत वर्षानुवर्षं घोकलं. पण तो दिवस कुठला ते कोल्हापुरात वीज कचेरीतला कुणी साहेब पंख्याखाली बसून ठरवतो, हे मला एकाही प्राध्यापकानं सांगितलं नव्हतं! प्रभूचा दिवस काय दळणाचा नंबर आहे, पुढं-मागं करायला?

तरी माणसं आली होती. मी मिस्सा केली. पण केली ती नियमानं, सोमवारची, साध्या वाराची. साध्या वाराच्या मिस्सेत रविवारचं गौरवगीत नसतं, ‘मी विश्वास धरतो’ हा विश्वासांगीकार नसतो, एक वाचन कमी असतं, प्रवचनाची सक्ती नसते. अर्ध्या तासात आटोपलं. ‘मिस्सा समाप्त झाली आहे, शांतीने जा’ म्हणालो, तर एकही माणूस जागचा हलला नाही.

मावशी उठली. “फादर, ही काय मिस्सा?”

“म्हणजे?”

“गौरव म्हटला न्हाय. विश्वास धरतो म्हटलं न्हाय. प्रवचन न्हाय. ही हाप मिस्सा झाली.”

“मावशी, मिस्सा अर्धी नसते. मिस्सा ती मिस्साच.”

“मला शिकवू नगा. मी हितं देऊळ बांधताना डोक्यावर विटा वाहिल्यात. थोरलं फादर सोमवारी फुल मिस्सा करायचं. आमी वडापाला फुल भाडं देऊन आलोय. हाप मिस्सेत चालायचं न्हाय!”

“हाप मिस्सा चालायची न्हाय!” मागच्या बाकावरून साचे करणाऱ्या एका मोल्डरनं घोषणा दिली. युनियनची सवय, दुसरं काय.

पुढचे काही आठवडे शिरोलीच्या त्या पत्र्याखाली जे धर्मयुद्ध चाललं, त्यापुढं मराठेशाहीतल्या लढाया म्हणजे भातुकली. मी रविवारी फुल मिस्सा करी, चार म्हाताऱ्यांसाठी. सोमवारी हाप करी, चारशे माणसांसाठी. आता, चारशे नसतील, त्या देवळात दीडशेच मावतात. पण आवाज चारशेंचा होता. मी गौरवगीत वगळलं की ते स्वतःच सुरू करायचे, बसल्याजागी, बिनपेटीचं. मी हात वर करून थांबवू बघे. कोण थांबणार? मी माझ्या आवाजात प्रार्थना पुढं रेटे, ते त्यांच्या आवाजात गौरव रेटत. बाहेर उसातली रानडुकरं पळून गेली असं टपरीवाला सांगतो, आणि तो खोटं कशाला बोलेल?

मावशी रोज काही तरी टोला हाणायचीच. एकदा तिनं घरून डब्यात आमटी पाठवली. झाकण काढलं तर अर्धा डबा. निरोप होता, ‘हाप मिस्सा, हाप आमटी.’ आमटी अशी तिखट की अर्ध्या डब्यातच माझ्या कानांतून वाफ निघाली. तरी उरलेला अर्धा मिळाला नाही याचा राग आला तो आलाच.

आणि अशात पुण्याहून निरोप आला. महागुरुस्वामी, म्हणजे आमचे बिशप, येणार. कधी? रविवारी. कशासाठी? बघायला. काय बघायला? शिरोलीच्या देवळात रविवारी माणसं येत नाहीत असं त्यांच्या कानावर गेलं होतं. तसं असेल तर धर्मग्राम बंद करून शहरातल्या चर्चला जोडून टाकायचं. एका धर्मगुरूचा पगार आणि पत्र्यांची डागडुजी वाचेल.

मी सांगतो, त्या क्षणी माझ्या रागानं कूस बदलली. इतके दिवस मी या माणसांवर चिडलो होतो. आता कुणी तरी दुसराच त्यांच्यावर चिडतोय म्हटल्यावर मला वाटलं, अरे, हा हक्क माझा आहे! ज्यांनी पाळी करून आल्यावर वाळूनं भरलेल्या हातांनी हे देऊळ उभं केलं, त्यांना तुम्ही शहरात जाऊन मागच्या बाकावर बसा म्हणणार? आणि तेही रविवारी? जेव्हा ते भट्टीपुढं उभे असतात?

मी मावशीला बोलावलं. ती आली, सगळं ऐकलं. पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला.

“बंद करणार म्हंजे? कडी लावणार?”

“त्या रविवारी बाकं रिकामी दिसली तर, हो.”

तिनं पदर खोचला. मग म्हणाली, “मालकाकडं चला.”

फाउंड्रीचा मालक लिंगायत, मूळचा जयसिंगपूरकडचा व्यापारी घराण्यातला. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, टेबलावर काचेखाली बसवेश्वरांचं चित्र. माणूस चांगला. चहा दिला, तिखट चुरमुऱ्यांचं भडंग दिलं, दोन्ही हातांनी नमस्कार केला. मी म्हणालो, फक्त एक रविवार द्या.

“फादरसाहेब, एक रविवार दिऊ की. पण मग सोमवारी काम कशावर करू? लाईन बंद असत्या. मेणबत्तीवर लोखंड वितळत न्हाय. आन मेणबत्त्या बी तुमच्याकडंच.”

मावशी हसली. मी तिच्याकडं असं बघितलं की ती आणखी हसली.

“बरं, दुसरं बगा,” मालक म्हणाला. “सोमवार महादेवाचा. माझा उपास असतोय. देवानं सुट्टी बी त्याच दिवशी दिली. एवढं बरोबर जमलेलं मी कशापायी मोडू? तुमच्या साहेबांनाच सांगा की, सोमवारी या.”

“ते साहेब नाहीत, महागुरुस्वामी आहेत!”

“मग तर त्येंना कुणाची रजा मागायला नगो.”

मुद्दे संपले की मी जास्त मोठ्यानं बोलतो. मालकाचा हिशेबनीस शेजारच्या खोलीतून उठून बघायला आला.

तिथून थेट एसटीडी बूथवर. पुण्याला फोन लावला. महागुरूंचे चिटणीस फादर फोनवर आले. माझ्याहून वयानं लहान, आणि आवाज असा की कुणी तरी रेशमी रुमाल घडी घालतंय.

“सोमवारी? रविवारची पाहणी सोमवारी? फादर, मग उद्या आपण नाताळ जानेवारीत मागाल.”

“अहो, ही माणसं रविवारी कामावर असतात!”

“सगळ्या जगात माणसं रविवारी मिस्सेला येतात.”

“सगळ्या जगात रविवारी लाईट असते! म्हणजे, इथं असते, म्हणूनच तर—”

“फादर, आपण ओरडताय.”

“मी ओरडत नाही! मी नगरचा आहे!”

रेशमी रुमाल खाली ठेवला गेला. फोन बंद झाला. बूथवाला म्हणाला, “फादर, फोन कशाला लावला? पुण्याला तसंबी ऐकू गेलं असतं.”

तो रविवार आला. मी पहाटेपासून तयार. मनात ठरवलं होतं, रिकाम्या बाकांसमोर उभा राहून महागुरूंना तोंडावर सांगायचं. पांढरी मोटार आली. महागुरू उतरले. उंच, वाकलेले, म्हातारे, फार थोडं बोलणारे. मागून चिटणीस फादर. आम्ही तिघं झगे घालून दारातून आत शिरलो, आणि मी जागीच थबकलो.

देऊळ भरलं होतं. खच्चून. भिंतीला टेकून माणसं उभी.

माझा आनंद दोन बाकं टिकला. तिसऱ्या बाकावर मी एक विभूतीवालं कपाळ बघितलं. चौथ्यावर आणखी दोन. पाचव्यावर फेटेवाले एक आजोबा, जे येशूच्या पुतळ्याला बघून ‘काय सुरेख ओतलंय बगा’ म्हणत होते. सहाव्यावर एक जाडजूड गृहस्थ मांडीवर भडंगाची पिशवी घेऊन. मरियेच्या पायाशी कुणीतरी नारळ वाढवून ठेवलेला, हळद-कुंकू वाहिलेलं. माझी ओळखीची तोंडं म्हणजे त्या चारच म्हाताऱ्या आणि थोडी पोरं. बाकी एकही ख्रिस्ती नाही!

“प्रभू तुमच्याबरोबर असो,” महागुरू म्हणाले.

चार म्हाताऱ्यांनी उत्तर दिलं. त्यांतली बहिरी एक वाक्य मागं होती. बाकी देवळानं, काही तरी म्हणायचं असतं हे ओळखून, टाळ्या वाजवल्या.

चिटणीस फादरांनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

ख्रिस्तप्रसादाची, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्यांनीच घ्यायच्या पवित्र भाकरीची, वेळ आली तेव्हा माझ्या घामानं झगा ओला झाला होता. सगळं देऊळ रांगेत उभं राहिलं! त्यांना कुणीतरी सांगितलेलं असणार, शेवटी प्रसाद असतो, रांगेत उभं राहा. मी धावत रांगेच्या तोंडाशी गेलो आणि एकेकाच्या कानात बोंबललो, “हात छातीवर घ्या! नुसता आशीर्वाद!” एरवी मी कानात बोललो की चार बाकांना ऐकू जातं, त्यामुळं त्या दिवशी पहिल्यांदाच त्याचा फायदा झाला. सगळ्यांनी मुकाट्यानं हात छातीवर घेतले. महागुरूंनी एकेकाच्या कपाळावर, विभूतीच्या शेजारी, क्रूस काढला. एकालाही वगळलं नाही.

मिस्सेनंतर ते बाहेर अंगणात आले. फेटेवाल्या आजोबांजवळ थांबले.

“आजोबा, आपण इथल्या कुठल्या कुटुंबातले?”

“मी व्हय? मी बदली.”

“बदली म्हणजे?”

“आमच्या शेजारी मोल्डर ऱ्हातोय, त्येची पाळी हाय आज. कारखान्यात माणूस आला न्हाय तर बदली पाठवायचा असतोय, न्हायतर खाडा पडतोय. त्यो म्हणाला, मामा, देवळात खाडा पडला तर कडी लागतीया, माझ्या जागंला जाऊन बसा. मग आलो. गळ्यात क्रूस-बिरूस काय घालायचा नसतोय न्हवं? म्हटलं बसायचंच हाय.”

महागुरू पुढं गेले. पांढऱ्या साडीतल्या एका बाईंनी नमस्कार केला. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या, शेजारच्या वस्तीतल्या बौद्ध बाई.

“आपणही?”

“हो, बदली. आमच्या शेजारच्या वहिनी कोअर शॉपला आहेत. रविवारी खरं तर आमची विहारात वंदना असते. आज चुकवली.” मग जरा थांबून त्या म्हणाल्या, “त्या माझ्या मुलीला सांभाळतात, मी ट्रेनिंगला गेले की.”

मला तोवर सगळं कळलं होतं. मावशी! घरोघर फिरून तिनं पाळीवाल्या प्रत्येक माणसाच्या नावानं एक बदली उभा केला होता. जिथं मिळाला तिथून. जयसिंगपूरचा मेव्हणा, गारगोटीचा मामेभाऊ, पलीकडच्या गल्लीतला किराणावाला. माझ्या मिस्सेत बदली कामगार! मी काही बोलायच्या आत चिटणीस फादर बोलले, त्या रेशमी आवाजात.

“फादर, ही फसवणूक आहे.”

बस्स. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं प्रवचन मी त्या अंगणात दिलं, आणि त्याला ऐकायला सगळे बदली होते.

“फसवणूक?” मी म्हणालो. “फसवणूक कुणी कुणाची केली? ज्यांची मिस्सा आहे ती माणसं आत्ता, ह्या क्षणाला, तिकडं भट्टीपुढं उभी आहेत, कारण त्यांचा रविवार कुणीतरी कचेरीत बसून काढून घेतला आणि त्यांना सोमवार दिला. ती सोमवारी येतात! दर सोमवारी! सणासुदीला नाही, दर सोमवारी, पोरांना गणवेशात घेऊन, एवढी, की दार मोडतं! आणि मी त्यांना हाप मिस्सा देतो, कारण पुस्तकात लिहिलंय! आणि तुम्ही त्यांचं देऊळ बंद करायला येता ते नेमकं त्यांच्या पाळीला! कधीतरी सुट्टीला येऊन बघितलंत? एकदा फोन केला तर म्हणे नाताळ जानेवारीत! अहो, ह्यांनी स्वतःची वंदना चुकवून दुसऱ्याच्या देवाची बाकं भरली, आणि तुम्ही फसवणूक म्हणता?”

उसाच्या फडापलीकडं हायवेवरचा ट्रक थांबल्याचं टपरीवाला सांगतो. तो कशानं थांबला मला माहीत नाही.

भडंगवाल्या गृहस्थांनी पिशवी पुढं केली, महागुरूंनी चिमूटभर घेतलं, चावलं, ठसका लागला, डोळे पुसले.

“माझं अंथरूण कुठं घालताय?” त्यांनी मला विचारलं.

चिटणीस फादरांचं तोंड उघडं राहिलं. “स्वामी, उद्या पुण्यात बैठक—”

“तुम्ही बदली जा,” महागुरू म्हणाले.

सोमवारी सकाळी दार वाजायच्या आत मी दाढी करून तयार होतो. माणसं आली. आली म्हणजे कशी आली! बदल्यांच्या जागी खरी माणसं, आणि त्यांच्याबरोबर आदल्या दिवशीचे बदलीसुद्धा, कारण त्यांना म्हणे टाळ्या नक्की कधी वाजवायच्या ते बघायचं होतं. मावशी सरळ झगे घालायच्या खोलीत शिरली.

“बिशपसाहेब, फुल करा बरं का. हे आमचं फादर हाप करत्यात.”

धरणी दुभंगावी असं मला वाटलं. कोल्हापूरची धरणी काळी, चिवट, ती काही दुभंगली नाही.

महागुरूंनी फुल केली. गौरवगीत सुरू झालं तेव्हा पत्र्यांचे खिळे सैल झाले असतील. शेवटी त्यांनी दोनच वाक्यं सांगितली. धर्मग्राम राहील. आणि सोमवारी इथं रविवारची मिस्सा होईल, मी परवानगी देतो. मावशीनं मागं वळून सगळ्यांकडं असं बघितलं, जणू ही परवानगी तिनंच दिली होती. मीच भांडलो, घसा बसेपर्यंत भांडलो, आणि फेटा कुणाला बांधला? मावशीला! पण तो राग मी गिळला. कारण त्यानंतरचे महिने म्हणजे माझ्या धर्मगुरूपणाचे सोन्याचे दिवस. दर सोमवारी भरलेली बाकं, फुल मिस्सा, फुल प्रवचन, आणि दुपारी फुल आमटी.

वर्षभरानं, ऐन उन्हाळ्यात, एका संध्याकाळी मी कारखान्यांच्या रस्त्यानं येत होतो तर मालकाच्या फाटकावर गर्दी. वीज कचेरीचा हुकूम आला होता. पुढच्या आठवड्यापासून शिरोलीचा सुट्टीचा वार बदलला. सोमवार गेला. गुरुवार आला.

मी सरळ मालकाच्या खोलीत घुसलो. मालक डोकं धरून बसला होता.

“फादरसाहेब, आता मी महादेवाला काय सांगू?”

“आणि मी बिशपांना काय सांगू? परवानगी सोमवारची आहे!”

दोघांनी मिळून वीज कचेरीला यथेच्छ शिव्या घातल्या. म्हणजे शिव्या त्यांनी घातल्या, मी बायबलमधले शाप दिले. तेवढ्यानं माझं पोट भरेना. तिथून मी निघालो तो धुमसतच. देवळाच्या अंगणात मावशी दुसऱ्या पाळीला जायच्या तयारीत डबा बांधत होती. मी तिला सगळं ऐकवलं. की हा अन्याय आहे. की प्रभूचा दिवस म्हणजे काय पत्त्यांतला जोकर आहे का, कुठंही लावायला! की आज गुरुवार, उद्या बुधवार, परवा रात्री बारा वाजता म्हणतील तुमचा रविवार. की आता पुन्हा पुण्याला जायचं, पुन्हा तो रेशमी आवाज, पुन्हा भांडायचं, आणि मी भांडेन, पण माणसांनी किती म्हणून सोसायचं, कुणीतरी कधीतरी चिडलं पाहिजे की नाही? मी किती वेळ बोललो देव जाणे. दम घ्यायला थांबलो तेव्हा रस्त्यावरची चार माणसं उभी राहून ऐकत होती.

मावशीनं डब्याची गाठ मारली, ओढून बघितली, पिशवीत टाकली.

“मग गुरुवारी येतो की,” ती म्हणाली.